कॅमेऱ्याने गिळलेली फेरी

७ जुलैला, सोमवारी कामावरून आलो तेव्हा दारातल्या पायपुसण्यावर पिझ्झाच्या दोन जाहिराती, पाण्याचं बिल आणि एक लांबट पांढरा लिफाफा पडला होता. लिफाफ्यात आमच्या गाडीचे दोन फोटो. एकात ती आत शिरतेय, दुसऱ्यात बाहेर पडतेय. खाली नंबरप्लेट कापून मोठी केलेली, पोलीस ठाण्याच्या फलकावर फरारी इसमाचा चेहरा लावतात तशी. वर ठळक अक्षरांत ‘पार्किंग चार्ज नोटीस’. शनिवार २८ जून, आगमन ०९:३८, निर्गमन १६:४७, मुक्काम ७ तास ९ मिनिटं, मोफत मर्यादा ३ तास. सबब १०० पौंड भरावेत. १४ दिवसांत भरल्यास ६०.

मी काही घाबरलो वगैरे नाही. पत्र शांतपणे दोनदा वाचलं, फ्रीजवर चुंबकाखाली लावलं आणि चहा टाकला.

आता त्या शनिवारचं सांगतो. आईअण्णा मेअखेरीस मिरजेहून आमच्याकडे इंग्लंडमध्ये, स्लाऊला आले होते, तीन महिन्यांसाठी. अण्णांना विंडसरचा राजवाडा बघायचा होता. आमच्या घरापासून तो जेमतेम वीस मिनिटांवर. पण अण्णांच्या पायात मिरजेहून आणलेल्या चपला, आणि राजवाड्यात तीन-चार तास चालायचं, म्हणून जाताना वाटेतल्या रिटेल पार्कमध्ये, म्हणजे एका सामाईक पार्किंगभोवतीच्या मोठ्या दुकानांच्या आवारात, थांबून बूट घेतले. आई म्हणाली, “दोन्ही पायांत घालून, चालून बघा.” अण्णा म्हणाले, “चाळीस वर्षं सात नंबर घालतोय, त्यात काय बघायचं?” पाच मिनिटांत खोकं काखेत मारून बाहेर. विंडसरला दुपारी नदीकाठच्या बाकावर दशम्या खाऊन झाल्यावर त्यांनी खोकं उघडलं, बूट घातले आणि गप्प बसले. आईने काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली. बूट घालून चालले नव्हते, नुसते पायात घातले होते, म्हणून परतताना त्याच दुकानात जाऊन आठ नंबर बदलून आणले. म्हणजे सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास. मधले सहा तास गाडी विंडसरला.

अण्णांनी चष्मा लावून फ्रीजवरचं पत्र वाचलं. इंग्रजी त्यांना वाचता येतं, सावकाश. आकडे तर कुणाहीपेक्षा आधी दिसतात.

“सात तास? आपण काय बुटाच्या दुकानात कामाला होतो काय?”

मग आत जाऊन डायरी घेऊन आले. अण्णा चौतीस वर्षं एसटीत होते. आधी कंडक्टर, शेवटची बारा वर्षं मिरज स्टँडवर वाहतूक नियंत्रक. कंट्रोलर केबिनमधल्या त्या खिडकीने त्यांना कायमची एक खोड लावली: गाडी आली की वेळ लिहायची, सुटली की वेळ लिहायची. निवृत्तीनंतर बस गेल्या, खोड राहिली. दर वर्षी एलआयसीची डायरी लागते, आणि तिच्यात भाच्याच्या लग्नाचं वऱ्हाडसुद्धा ‘स. ७.१० सुटले’ असं नोंदलेलं असतं. २८ जूनच्या पानावर निळ्या शाईत होतं: ‘९.४० बूट दुकान. १०.०४ सुटलो. १०.२६ विंडसर, गाडी उभी. दु. ४.०२ विंडसर सुटलो. ४.२० बूट दुकान. ४.४८ सुटलो.’ कॅमेऱ्याच्या आणि अण्णांच्या घड्याळात फार तर दोन मिनिटांचा फरक. एचएमटी आहे, रोज किल्ली देतात.

“दोन फेऱ्या केल्या,” ते म्हणाले, “यांनी एकच दाखवली. मधली फेरी गिळली.”

गोम तिथेच होती, आणि ती मला माझ्या कामामुळे लगेच समजली. मी औषधांच्या एका गोदामात साठ्याचा हिशोब बघतो. माल आत आला की स्कॅन, बाहेर गेला की स्कॅन. बाहेर जाताना स्कॅन चुकला की खोकं प्रत्यक्षात रेडिंगच्या दुकानात पोचलेलं असतं आणि आमच्या संगणकात मात्र ते आठवडाभर फळीवर बसून असतं. या पार्किंगवाल्यांचं तेच. तिथे माणूस नसतो, फक्त खांबावरचे कॅमेरे नंबरप्लेट वाचतात, आणि संगणक एका आतल्या फोटोला एका बाहेरच्या फोटोशी जोडतो. सकाळी बाहेर पडताना आमची प्लेट त्याला वाचता आली नसावी. मग संध्याकाळी आत येतानाचा फोटो जोडीविना उरला, तो संगणकाने बाजूला टाकला, आणि सकाळचं आगमन थेट संध्याकाळच्या निर्गमनाला चिकटवून टाकलं. इथे हा प्रकार इतका नेहमीचा आहे की त्याला नावही आहे, डबल डिपिंग.

अण्णांचा पुढचा प्रश्न वेगळाच होता. “हा दंड करणारा कोण? पोलीस?”

नाही. पोलीसही नाही, कौन्सिल म्हणजे इथली नगरपालिकाही नाही. इथे फसायला होतं, कारण कौन्सिलच्या नोटिशीचं नाव ‘पेनल्टी चार्ज नोटीस’ आणि खासगी कंपनीच्या नोटिशीचं ‘पार्किंग चार्ज नोटीस’. दोन्हींचं लघुरूप पीसीएन. रंगरूपही बेतलेलं सारखंच. पण कौन्सिलचा असतो कायद्याने केलेला दंड, आणि खासगी कंपनीचं हे म्हणजे एका व्यापाऱ्याने पाठवलेली मागणी. जागेच्या मालकाने पार्किंग सांभाळायला कंपनी नेमलेली असते. कंपनी फलक लावते, त्यावर अटी लिहिते. तुम्ही गाडी लावली म्हणजे अटी मान्य केल्या, करार झाला. अट मोडलीत तर फलकावर लिहिलेली रक्कम द्या.

“मी कुठं सही केली?” अण्णा.

सही लागत नाही म्हणे. याच मुद्द्यावर चेम्सफर्डच्या एका रिटेल पार्कमध्ये दोन तासांपेक्षा ५६ मिनिटं जास्त थांबलेला एक गृहस्थ ८५ पौंडांसाठी थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. बीव्हिस खटला म्हणतात त्याला. नोव्हेंबर २०१५ मध्ये निकाल लागला तो कंपनीच्या बाजूने: फलक ठळक असेल, रक्कम अवाच्या सवा नसेल, आणि जागा मोकळी होत राहावी हा उद्देश खरा असेल तर अशी वसुली चालते. तेव्हापासून ‘असलं काही कोर्टात टिकत नाही’ हे वाक्य बाद झालं. पण तो गृहस्थ खरोखरच जास्त थांबला होता. आम्ही थांबलोच नव्हतो.

मी आमच्या भागातल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर पत्राचा फोटो टाकला. ती चूक झाली. पावणेदोनशे माणसं, पावणेदोनशे वकील. निम्म्यांचं म्हणणं, ‘कचऱ्यात टाक, काही होत नाही.’ या सल्ल्याचं वय झालंय. २०१२ च्या आधी इंग्लंडमध्ये या कंपन्या गाडीला जॅमर लावायच्या आणि जागेवर पैसे उकळायच्या. पुण्यात टोइंगच्या ट्रकवर लटकणारी पोरं बघितलेल्यांना ते चित्र समजावून सांगायला नको. ऑक्टोबर २०१२ मध्ये खासगी जागेवर जॅमर लावायला इंग्लंड आणि वेल्समध्ये बंदी आली. पण त्याच कायद्याने कंपन्यांच्या हातात दुसरी गोष्ट दिली. गाडी चालवणारा कोण ते कळलं नाही, तर ठरावीक मुदतीत आणि ठरावीक मजकुराची नोटीस पाठवून गाडीच्या नोंदणीकृत ताबेदाराकडून, म्हणजे गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली आहे त्याच्याकडून, पैसे मागता येतात. ताबेदार कोण हे सांगणारं सरकारी खातं म्हणजे डीव्हीएलए. कंपनी मान्यताप्राप्त संघटनेची सभासद असली की दर चौकशीला अडीच पौंड घेऊन डीव्हीएलए तुमचं नाव-पत्ता देतं. वर्षाला एक कोटीहून जास्त वेळा देतं.

तेव्हा कचऱ्यात टाकणं आता परवडत नाही. गटातल्याच एकाने स्वतःची गोष्ट मला खासगीत सांगितली. त्याने घर बदललं, गाडीच्या कागदावरचा पत्ता बदलायचा राहिला. नोटीस जुन्या घरी, स्मरणपत्र जुन्या घरी, वसुली एजन्सीची लाल अक्षरांतली पत्रं जुन्या घरी (यात ७० पौंड वाढवतात), आणि शेवटी कोर्टाचा समन्सही जुन्याच घरी. याच्या माघारी एकतर्फी निकाल झाला. पत्ता लागला तो घरकर्ज नाकारलं तेव्हा. निकालानंतर महिनाभरात पैसे भरले नाहीत तर त्या निकालाची नोंद नावावर सहा वर्षं राहते, आणि निकाल फिरवायचा अर्ज करायलाच तीनशे पौंडांवर फी. वसुली एजन्सीच्या पत्रांना घाबरू नये, कोर्टाच्या निकालाशिवाय ती दारात येऊन काही उचलू शकत नाही. पण कोर्टाचा कागद आला की त्याच्या तारखा पाळायच्या. हे मी त्याच्याकडून शिकलो. तो बिचारा अनुभवाने शिकला.

मी आधी मुदत मोजली. कॅमेऱ्यावरून पाठवलेली नोटीस गाडी उभी केल्याच्या दुसऱ्या दिवसापासून चौदा दिवसांच्या आत ताबेदाराला मिळायला हवी. २९ जूनपासून बोटं मोजली, १२ जुलैला चौदा भरत होते. पत्र सातलाच आलेलं. थोडा हिरमोडच झाला.

गटातल्या उरलेल्या निम्म्यांचा सल्ला: गाडी कोण चालवत होतं ते कधीही लिहू नकोस. ताबेदाराला ते सांगायचं बंधन नाही. नोटीस सदोष निघाली तर ताबेदार सुटतो, पण चालवणारा कबूल झाला की हा बचाव गेला. आमची नोटीस मुदतीत होती, तरी मी ते पाळलं. इथेही पाळतोय, वाचताना लक्षात आलं असेल. शाळेत आमच्या बाई नवीन कर्मणी प्रयोग शिकवताना ‘रावण रामाकडून मारला गेला’ हे वाक्य फळ्यावर लिहायच्या, तेव्हा याचा उपयोग काय असं वाटायचं. आता मी दीड पान ‘गाडी लावली गेली’, ‘गाडी बाहेर नेली गेली’ असं लिहिलं आणि राम कुठेच येऊ दिला नाही.

अण्णांना हे पटलं नाही. “लपवायचं कशाला? आपण चोरी केली का?”

“खोटं नाही लिहीत अण्णा, नुसतं सांगत नाही.”

“कंडक्टर असंच म्हणायचे,” ते म्हणाले. “चेकिंगमध्ये सापडल्यावर.”

बुधवारी पत्र पाठवलं. त्याच्या आधी मंगळवारी संध्याकाळी दुकानात जाऊन मॅनेजरला भेटायचा प्रयत्न केला, कारण पुष्कळदा दुकानाने किंवा जागेच्या मालकाने शब्द टाकला तर कंपनी निमूटपणे नोटीस मागे घेते. काउंटरवरची मुलगी चांगली होती. तिने सहानुभूती दाखवली आणि मुख्य कार्यालयाचा ईमेल पत्ता दिला. मुख्य कार्यालयाने पार्किंग कंपनीचा पत्ता दिला.

पण त्या फेरीत अण्णा बरोबर होते, आणि त्यांनी जे केलं ते मी विसरणार नाही. मी फलकांचे फोटो काढत फिरत होतो: आत शिरतानाचा मोठा फलक, खांबांवरचे छोटे, कुठे झाडामागे गेलाय का, रकमेचा आकडा किती मोठा आहे. फलक ठीक होते, मला त्यात काही सापडलं नाही. दहा मिनिटांनी बघतो तर अण्णा नाहीत. ते बाहेर पडायच्या रस्त्याच्या कडेला, कॅमेऱ्याच्या खांबापासून हातभर अंतरावर, डायरी उघडून उभे होते. आठ नंबरचे बूट, अंगात स्वेटर, कानामागे पेन. प्रत्येक गाडीला मान वर करून बघायचे आणि एक रेघ ओढायचे. एका बाईने त्यांना पार्किंगचा वॉर्डन समजून घाईघाईने दुहेरी पिवळ्या रेषेवरची गाडी हलवली. अण्णांनी तिला हात दाखवून वाट करून दिली.

“बघ,” मला म्हणाले, “कॅमेरा मागच्या पाटीचा फोटो घेतोय. छोटी गाडी इथं थांबते, डावीकडून येणारं बघते. तेवढ्यात मागून व्हॅन येऊन चिकटते. पाटी गेली व्हॅनच्या नाकाखाली. वीस मिनिटांत एकशे चार गाड्या सुटल्या, त्यांतल्या अकरांना असं चिकटलेलं.”

शनिवारी सकाळी दुकानं उघडताना माल उतरवणाऱ्या व्हॅनची ये-जा असणार हे त्यांनीच सांगितलं. मग घड्याळ बघून म्हणाले, “चल, आपल्याला अडतीस मिनिटं झाली.” या वेळी बाहेर पडताना त्यांनी मला मागची व्हॅन पुढे जाईपर्यंत थांबायला लावलं.

पत्रासोबत मी काय काय जोडलं: बुटांची दोन बिलं, एक सकाळी ९:५८ चं आणि एक बदलल्याचं दुपारी ४:३९ चं. विंडसरच्या कौन्सिल पार्किंगमध्ये ॲपवर पैसे भरल्याची पावती, तिच्यावर आमच्याच गाडीचा नंबर. राजवाड्याची तिकिटं. आणि अण्णांच्या डायरीच्या पानाचा फोटो, खाली इंग्रजी भाषांतरासह. ‘सुटलो’ला मी ‘डिपार्टेड’ लिहिलं. अण्णांनी वाचून मान डोलावली.

अण्णांनी आणखी एक गोष्ट करायला लावली, आणि ती नसती तर मी हे लिहायला बसलो नसतो. “त्यांनी दोन फोटो पाठवलेत ते त्यांच्या सोयीचे. मूळ लॉगशीट मागव. त्या दिवशी आपल्या गाडीची जेवढी नोंद असंल तेवढी सगळी.” एसटीत मेमो मिळाला की कंडक्टरने करायची ही पहिली गोष्ट: वे-बिलाची आणि लॉगशीटची नक्कल मागायची. मला वाटलं, कोण देतंय. पण इथे माहितीसंरक्षणाच्या कायद्याने ती सोय आहे. तुमच्याविषयी कंपनीकडे जे जे साठवलेलं आहे ते मागता येतं, फुकट, आणि त्यांना एका महिन्यात द्यावं लागतं. मी दुसरा ईमेल पाठवला: २८ जूनला या नंबरच्या गाडीचे तुमच्या यंत्रणेत असलेले सर्व फोटो, जोडलेले आणि न जोडलेले, वेळांसह.

मग तीन आठवडे काही नाही. १ ऑगस्टला उत्तर आलं, नकाराचं. आधीच छापून ठेवलेलं वाटावं असं. तरी मधल्या एका परिच्छेदात कुणीतरी डोकं चालवलं होतं, त्याला दाद द्यायला हवी. बिलांवरून आपण सकाळी आणि संध्याकाळी याच जागी होतात हेच सिद्ध होतं. राजवाड्याची तिकिटं माणसांची आहेत, वाहनाची नाहीत. पार्किंगच्या ॲपवर कुठूनही पैसे भरता येतात, त्यावरून वाहन तिथे होतं असं म्हणता येत नाही. डायरीचा उल्लेखच नव्हता. म्हणजे त्यांच्या मते आम्ही गाडी बुटांच्या दुकानासमोर ठेवली, चौघं बसने विंडसरला गेलो, आणि तिथे नसलेल्या गाडीसाठी हौस म्हणून पार्किंगचे पैसे भरले.

शेवटी, ६० पौंडांची सवलत आणखी चौदा दिवस खुली ठेवत आहोत.

बायको रात्रपाळी करून आली होती. ती पत्र वाचून म्हणाली, “साठ पौंड भर आणि झोप. तू यात घातलेले तास मोजलेस का?” मोजले होते. पंधरा-सोळा झाले होते. तिचं गणित चुकीचं नाही, आणि मला वाटतं हा सगळा धंदा त्याच गणितावर उभा आहे. शंभरासाठी माणूस भांडतो, साठासाठी दमतो. मी लॅपटॉप उघडून कार्डाचा नंबर टाकायलाही बसलो होतो. आईने मला थांबवलं असं म्हणवत नाही. तिने फक्त विचारलं, “साठ पौंड म्हणजे किती?” मी सांगितलं, सात हजार. ती म्हणाली, “बुटापेक्षा जास्त की रे.”

गुरुवारी, ७ ऑगस्टला, माहितीच्या अर्जाचं उत्तर आलं. कंपनीच्या दुसऱ्याच खात्याकडून, दुसऱ्याच माणसाच्या सहीने. पासवर्ड लावलेली फाइल. पहिली तीन पानं माझंच नाव आणि पत्ता. चौथ्या पानावर फोटो. ०९:३८ आत. १६:४७ बाहेर. आणि त्यांच्यामध्ये, ‘न जुळलेली नोंद’ अशा शेऱ्यासह, १६:२१. आमची गाडी. आत येताना. पुढच्या सीटवर मांडीवर खोकं घेतलेले अण्णा.

मी अण्णांना हाक मारली. त्यांनी लॅपटॉपच्या पडद्याला नाक लावून बघितलं.

“एकच गाडी दोनदा डेपोत आली,” ते सावकाश म्हणाले, “तर मधी कधीतरी सुटली असणार का नाही?”

त्या रात्री आमच्याकडे शिरा झाला.

कंपनीने नकार दिल्यावर स्वतंत्र अपिलाची सोय असते. कुठे करायचं ते कंपनी कोणत्या संघटनेची सभासद आहे यावर ठरतं. आमची ब्रिटिश पार्किंग असोसिएशनची होती, म्हणून पॉपला या अपील मंडळाकडे. इंटरनॅशनल पार्किंग कम्युनिटीची असती तर आयएएसकडे जावं लागलं असतं. नकाराच्या पत्रात दहा आकडी क्रमांक दिलेला असतो, तो टाकून २८ दिवसांत अपील करायचं. फी नाही. निर्णय कंपनीवर बंधनकारक, तुमच्यावर नाही. मात्र इथे आलात की सवलत गेली, हरलात तर पूर्ण शंभर. बायकोला मी हे शेवटचं वाक्य अपील पाठवून झाल्यावर सांगितलं.

रविवारी, १० तारखेला, अपील लिहिलं. पहिल्या खेपेला दीड पान लिहिलं होतं, या खेपेला सात ओळी. अण्णांचा आग्रह होता, रिपोर्ट लांबला की साहेब वाचत नाही. कंपनीच्या स्वतःच्या नोंदीनुसार वाहन ०९:३८ ला आत आलं आणि १६:२१ ला पुन्हा आत आलं. मध्ये बाहेर पडल्याशिवाय हे शक्य नाही. बाहेर पडल्याची नोंद कंपनीच्या कॅमेऱ्याने चुकवली. मधल्या वेळात वाहन विंडसरला असल्याची पावती सोबत. फोटो सोबत. डायरी सोबत.

आईअण्णा २४ ऑगस्टला परत गेले, गणपती सत्तावीसला होते. विमानतळावर निघताना बॅगांचं वजन जास्त भरत होतं म्हणून आईने बऱ्याच वस्तू काढून ठेवल्या. अण्णांनी डायरी आपण होऊन काढली. “केस चालू आहे. मूळ प्रत मागितली तर तुझ्याकडं पाहिजे.” उरलेल्या चार महिन्यांसाठी त्यांनी मिरजेत वही घेतली.

१ सप्टेंबरला दुपारी ईमेल आला. कंपनी अपिलाला विरोध करत नाही, नोटीस रद्द करण्यात आली आहे, आपल्याला काहीही देणं लागत नाही. बस. चूक झाली नाही, दिलगिरी नाही, कारण नाही. नंतर कळलं की असं पुष्कळांच्या बाबतीत होतं: समोरच्याकडे पक्का कागद आहे असं दिसलं की लढण्यापेक्षा गुपचूप सोडून द्यायचं.

मिरजेला फोन लावला. त्या दिवशी गौरीपूजन. मागे आईचा आणि काकूंचा आवाज, कुणीतरी पुरण वाटायचं यंत्र शोधत होतं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं.

“लेखी दिलंय?”

“हो, ईमेल आहे.”

“त्याची प्रिंट काढून ठेव. आणि डायरी पाठवून दे आता. रजिस्टरनं.”

आज ती पाकिटात घालायच्या आधी २८ जूनचं पान पुन्हा एकदा बघितलं. तिथून पुढे चाळत गेलो. अण्णांची डायरी मी कधी वाचत नाही, वेळांपलीकडे तिच्यात काही नसतं असंच समजत होतो. ७ जुलैच्या पानावर फ्रीजवरच्या पत्राची रक्कम आणि तारखा होत्या. त्याखाली: ‘सायं. ६.२० चि. ला दंडाचे पत्र. घाबरला आहे. चहा उतू गेला. रात्री जेवला नाही.’